थोडक्या चाऱ्याची घोडी

सांगा मंडळी, खाल्ल्या घासाचे आभार मानायचे कुठल्या अवयवाने? तोंडाने? ते बिचारं खाण्यात गुंतलेलं! मग ऐका.

घाटाखाली एका सरदाराची पागा होती. चौल बंदरात उतरलेली एक काळी अरबी घोडी तिथे सुभानजी मोतद्दाराच्या हाती आली. मोतद्दार म्हणजे खरारा करणारा, हरभऱ्याची चंदी चारणारा. त्या वर्षी दुष्काळ! घोड्यांची चंदी निम्मी झाली, पागेभर बरगड्या दिसू लागल्या — आणि काळी? तुकतुकीत! माशी बसली तर घसरावी!

पागेदार येसाजीरावांनी घोडीकडे पाहिलं, मग सुभानजीकडे. सुभानजी हडकुळा. म्हणजे स्वतः खात नाही, हे ठरलं. म्हणजे इतर घोड्यांचे हरभरे चोरून हिला चारतो, हेही ठरलं! न्याय किती झटपट लागतो बघा.

सुभानजीने काळीची शपथ घेतली. येसाजीराव म्हणाले, आठ दिवस मीच हिला निम्मी चंदी चारतो; रोडावली तर तू चोर. आणि घोड्याच्या तोंडचा घास काढणाऱ्याला त्या मुलखात कोणी दारात उभं करत नसे. सुभानजी लांब बसून देवाला विनवी — घोडीला जाड ठेव रे! असलं मागणं देवानेही पहिल्यांदाच ऐकलं असेल.

येसाजीरावांनी तिला आपल्या घोड्याशेजारी बांधलं. त्याला दुप्पट चंदी, तरी तो गव्हाणीला लाथा घाली. काळी मूठभर खाई आणि समाधानाने फुरफुरे. आठव्या दिवशी तिच्या खोगिराचा तंग एक बोट सैल करावा लागला!

येसाजीराव चक्रावले. घोडी आणणारा सालेम सौदागर पागेत आला होता, त्याला विचारलं, ही कसली जादू?

"जादू नाही, सरकार. अशा जनावराला आमच्या जुन्या अरबीत शकूर म्हणतात. शुक्र म्हणजे आभार. थोडा चारा खाऊन अंगावर भरपूर दाखवते, ती शकूर."

"घोडी आभार मानते?"

"बोलता येत नाही ना, म्हणून अंगावर दाखवते. हाच शब्द आम्ही अल्लालाही लावतो."

"घोडीला आणि देवाला एकच शब्द?"

"तोही थोडक्यावर भागवतो, सरकार. आपण मूठभर करावं, त्याने पदरात पोतंभर घालावं."

खरंच की हो! आपला पांडुरंग तरी काय मागतो? तुळशीचं एक पान!

येसाजीराव खाली बघत म्हणाले, "सुभानजी, चुकलो. घोडी सांभाळ तुझी."

सुभानजीने काळीच्या मानेवर कपाळ टेकलं आणि तसाच उभा राहिला.

आणि आपण, मंडळी? घरी माउलीने रांधलं, आपण चाटूनपुसून जेवलो, वर काय म्हणालो? मीठ कमी होतं! त्या लाथा घालणाऱ्या घोड्याला निदान बोलता तरी येत नव्हतं. काल देवाने दिलं ते आज तुमच्या अंगावर कुठे दिसतंय? पोटावर दिसतंय, ते मला इथूनही दिसतंय. जरा तोंडावर दिसू द्या!