ठिपक्यांचं कार्ड

दवाखान्याच्या बाकावर झेरॉक्सवाल्याशेजारी दोघी जावा तावातावाने बोलत होत्या.

“भावजींच्या खिशाला कारखान्याचं ते ठिपक्यांचं कार्ड होतं ना? विषारी वायू आला की रंग बदलणारं?”

“होतं की, वहिनी! सहा महिने एक ठिपका बदलला नाही, आणि हे इकडे खोकून खोकून अर्धे झाले.”

“मग कार्डच खोटं!”

“कार्ड कसलं खोटं! मुकादमाने सगळी लॅमिनेट करून आणली. का, तर मळू नयेत!”

“अगं, मग वायू आत शिरणार कुठून? आणि करून देणाऱ्याची अक्कल काय शेण खायला गेली होती?”

नंबर पुकारला, तरी झेरॉक्सवाला उठला नाही. चाळीस कार्डं होती. एकातही त्याने हवेचा बुडबुडा राहू दिला नव्हता.