माहेर लिहिलेली किल्ली

हॅलो?… हां, अक्षता! अगं, मीच करणार होतो तुला… लेटरचं राहू दे गं, आधी ऐक…

हो, माहितीय! आज पाचपर्यंत तुला मोकळं केल्याचं माझं लेटर नाही मिळालं तर मुलुंडवाले नोकरीवर दुसऱ्या कुणाला घेतील. तिसऱ्यांदा सांगतेयस. आणि तू नोकरी सोडलीस तेव्हापासून माझ्यामागे काय काय लागलंय? वेबसाइटवरून तुझं नाव काढा, सगळ्या मालकांना कळवा, त्यांच्या किल्ल्या ज्याच्या त्याला पोचवा… माणूस जातं, निस्तरायचं ब्रोकरने!

कुठे म्हणजे? घाटकोपरला, द्रौपदी राणेबाईंच्या दाराशी. बाई कणकवलीहून सामानासकट आल्यात. माझ्या हातात तुझा जुडगा, एकोणीस किल्ल्या… आणि एकीवरही फ्लॅट नंबर नाही!

…मीच सांगितलं होतं? नंबर नको, चोराला कळेल?… असेल सांगितलं. पण चोराला नको, मला तरी कळू दे ना! चिठ्ठ्यांवर हे काय लिहिलंयस? ‘दोन मांजरं’… ‘बायकोला विचारून सांगतो’… ‘भिंत जांभळी’…

राणेबाईंची कुठली, ते सांग… का सांगणार नाहीस?… बरं बाई, नाही वाचत मोठ्याने. सांग… ‘चहा विचारत नाही’?!

नाही नाही बाई, तुम्हाला नाही… अहो, चिठ्ठी ओढू नका…

वाट लागली. वाचलं त्यांनी… हो, किल्ली लागली. दार उघडून आत गेल्या.

ऐक, ही शेवटची कुणाची? ‘माहेर’ लिहिलंय. मालकांच्या यादीत तर…

काय?

…आपल्या ऑफिसची?

…

थांब, ही जुडग्यातून वेगळी काढतो.

अगं, मग सोडलंस कशाला?… हो गं, लेकीची, गार्गीची शाळा, मुलुंडहून रोज येणं-जाणं, कळतं मला. सात वर्षं केलंस, खूप झालं.

लेटर तयार आहे. सोमवारीच सही केलीय… कुठे काय? माझ्या खिशात… किल्ल्यांचा घोळ होता ना, म्हणून नाही दिलं… बरं, नव्हता किल्ल्यांचा! दिलं की तू खरंच गेलीस, असं झालं असतं. झालं समाधान?

ए, रडू नकोस. तू मुलुंडलाच थांब, मी रिक्षाने येतो. पाचच्या आत लेटर तुझ्या हातात. आणि ही किल्लीपण… परत कसली घेतोय? ज्याची किल्ली त्याला पोचवायची ना? मग!

थांब, बाई आल्या… थर्मास घेऊन!

…नाही गं, विचारला नाही. सरळ कप हातात दिला. ठेवतो, ठेवतो…