पाणी पिणारा कॉम्प्युटर

हसू नका, पण आमच्या खांदा कॉलनीतल्या सोसायटीत मी एकदा कॉम्प्युटरवर पाणीचोरीचा आळ घेतला होता.

वरच्या मजल्यावरचा निखिल घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. कमी वीज खाणारे प्रोग्रॅम लिहितो म्हणे. त्यानेच मला जिन्यात सांगितलं होतं, "काकू, एआयला प्रश्न विचारला की तिकडची मशिनं तापतात. त्यांना थंड ठेवायला पाणी लागतं." तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती.

एक दिवस नणंद जेवायला येणार होती. मी कोलंबी सोलून ठेवली, आणि बघते तर नळाला पाणीच नाही. बादली उचलली आणि सरळ वर गेले.

"निखिल, खरं सांग. सकाळपासून किती प्रश्न विचारलेस?"

"असतील तीस-चाळीस. का हो काकू?"

"मग आता मी कोलंबी कशाने धुऊ?"

तो हसतच सुटला. "अहो, ते पाणी आपल्या टाकीतलं नसतं! ती मशिनं लांब कुठेतरी असतात."

"तिथेही कुणाकडे नणंद जेवायला येणार असेल ना? त्या बाईने कुणाचं दार वाजवायचं?"

त्याचं हसू थांबलं. त्याने आपल्या पिंपातून माझी बादली भरून दिली आणि म्हणाला, "काकू, यापुढे जरा कमी विचारत जाईन."

बादली घेऊन खाली उतरले, तर वॉचमन सांगत आला, "ताई, टाकीचा पंप जळलाय."

हे मी निखिलला अजून सांगितलेलं नाही.