आडवा सात

सरजाबाई : आजचं शब्दकोडं, आडवा सात. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक, जकात कचेरीत नोकरी केलेला. तीन अक्षरं.

दत्तराव : सोपं आहे. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी. ठेव तिथं, भरतो सावकाश.

मनिषा : मामा, आज बरोबर भरा. आत्याबाईंनी आठ दिवस भाकरीला हात लावला न्हाई.

दत्तराव : का? पोट बिघडलं का?

मनिषा : नेम हाय त्यांचा. तुमचं कालचं कोडं बरोबर निघालं तर भाकर, न्हाईतर दिवसभर भगर.

सरजाबाई : सुनबाई, तुला सांगू नको म्हणलं व्हतं.

दत्तराव : हे कुठलं व्रत काढलंस?

सरजाबाई : तुमी दवाखान्यातून आलात तवाचं. डॉक्टर म्हणले, सरांचं डोकं चालतं ठेवा, कोडी सोडवू द्या. गोळ्या तुमच्या, नेम माझा.

दत्तराव : देवाला अमेरिकेतले लेखक माहीत असतात का?

सरजाबाई : त्याला नसले तरी पेपरवाल्याला असत्यात. दुसऱ्या दिवशी उत्तरं छापतो. पूजा आटोपली की मी ताळा बघते.

दत्तराव : आणि आठही दिवस चुकलं?

सरजाबाई : मंगळवारी आगबोट हाकणारा लेखक इचारला. घरं दोन. तुमी चार अक्षरं बसवली. लय बारीक काढलं व्हतं, पण बसवलं.

दत्तराव : तेव्हाच बोलायचं होतंस.

सरजाबाई : तुमाला वाईट वाटलं असतं.

दत्तराव : आण पेन. हे घे, भरलं. उद्या भाकर खा.

सरजाबाई : हेच नाव शुक्रवारी लिव्हलं व्हतं. रविवारी बी.

मनिषा : मामा, चहा ठेवू का?

दत्तराव : नको. सरजे, मला एकही नाव आठवत नाही. वर्ग दिसतो, फळा दिसतो. फळ्यावर काही नसतं.

सरजाबाई : ताडकळसच्या शाळेत तुमचा योगीराज इंग्रजी शिकवतोय. त्याला इचारा.

दत्तराव : माझ्या विद्यार्थ्याला?

सरजाबाई : तुमीच दिलेलं हाय ते. त्याच्यापाशी ठेवलंय म्हणायचं.

दत्तराव : विचारून भरलेलं नेमात बसतं?

सरजाबाई : इचारलेलं बसतं. खोटं भरलेलं न्हाई.

दत्तराव : मनिषा, लाव फोन.

(फोन लागतो.)

दत्तराव : योगीराज, सर बोलतोय. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक, जकात कचेरीतला, तीन अक्षरी. सांग बरं... नाही रे, परीक्षा घेत नाही. मला येत नाही म्हणून विचारतोय.