कोपरावरचा डाग

लिव बाय, मी दाभोशाकडची, लोहाराची पोर. बाप आमचा नदीच्या अंगाला भाता लावून बसायचा आन घण आई मारायची. आमच्यात तसंच हाय, बाय. लोहार खाली बसतो, एका हातात सांडशी, तिच्यात धरलेलं लाल लोखंड ऐरणीवर, दुसऱ्या हातात बारकी हातोडी, ती टक केली की समजायचं इथं मार, आन समोर उभं राहून मोठा घण मारायचा तो बायकोनं. कामाला नाव लोहाराचं, घाम बायकोचा. माझ्या पाठचं पोर आईच्या पोटात होतं तवा ती घण उचलता उचलता खाली बसली, तर बाप बोलला, लोखंड थंड होतंय, ऊठ. ती उठली. आधी तो फाळ पुरा केला, मंग झोपडीत गेली. पोर मेलेलं निघालं. मी रडून सांगत नाय, असं होतं ते सांगते.

मला बघायला सासू आली ती खोडाळ्याहून. तिनं माझं तोंड बघितलं नाय. बैल घेताना खांदा दाबतात तसे माझे दंड दाबले आन बापाला बोलली, चालंल, पोरीला हाड हाय. झालं लगीन.

खोडाळ्याच्या बाजाराच्या कडेला आमची भट्टी. पावसाच्या आधी काय गर्दी सांगू तुला, नागलीवाले, भातवाले सगळे एकदम जागे होणार, कुणाचा फाळ बोथट, कुणाचा विळा, कुणाची कुऱ्हाड, आन सगळ्यांना आजच पायजे. आमचा दादला रागाचा माणूस. घण जरा वाकडा पडला की सांडशीचं मागलं टोक माझ्या घोट्यावर. शिकवायची त्याची तीच रीत होती, त्याच्या बापाचीपण तीच. घोटा सुजायचा, पण मार थांबवायचा नाय, कारण मार थांबवला की त्याचा मार सुरू. मी लई वर्षं मारला घण. नेम असा बसला होता माझा, त्याची हातोडी टक वाजली की घण त्याच जागी. बाजारातले म्हातारे बोलायचे, ही बाई लोखंडाला सवतीसारखी मारते.

मंग घणाचा दांडा मोडला. तो कसा मोडला ते ऐक. एका सकाळी सासूचं आन माझं चुलीवरून भांडण झालं, दादला भट्टीवरून आला, हातात घणच होता, तोच फिरवला माझ्या अंगावर. मी बाजूला झाली. घण मधल्या खांबावर बसला, वरचं छप्पर हाललं, आन धावड्याच्या लाकडाचा चांगला जाड दांडा चिरला. बाजूला झाली म्हणून मला वेगळा मार बसला. बाहेर माणसं थांबलेली, तर त्यानं घाईघाईत मिळाला तो बारीक, गुळगुळीत दांडा घणाला बसवला. तो दांडा घामानं हातातून सटकायचा. घण सुटून त्याच्या गुडघ्यावर गेला असता तर त्यानं मला जित्ती ठेवली नसती, त्या भ्यानं मी मूठ अशी आवळायची की नखं तळव्यात जायची. दिवसभर तसं, आवळून आवळून.

त्याच हंगामात कोपर धरला. उजवा. हे बघ, कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाड हाय ना, इथं. पहिल्यांदा चहाचा कप उचलताना कळलं. घण उचलतेय आन कप उचलत नाय! लुगडं पिळायला गेली की कोपरात सुरी फिरायची. तव्यावरची भाकर उलटताना हातातून सुटायची. तिथून कळ अशी खाली मनगटाकडं जायची. सासू बोलली, कामाच्या वेळेला बऱ्या कळा येतात हिला, जेवताना कुठं जातात? मी बोलली, जेवताना डाव्या हातानं जेवते मी, बघितलं नाय का? तर तिनं तोच डावा हात पिरगाळला.

एका बाजाराच्या दिवशी घण सुटलाच. त्याला लागला नाय, ऐरणीच्या पलीकडं मातीत पडला, पण सांडशीतलं लोखंड उडून त्याच्या पायापाशी गेलं. तो उठला आन त्यानं मला केसांनी धरून भट्टीपुढं, सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत मारलं. पाठीत, पोटात, पडली तवा बरगडीत लाथ. माणसं उभी होती. एकजण बोलला, अरे आवर, तर मला वाटलं आता सोडवतो, तर तो पुढं बोलला, माझा विळा भट्टीत जळून जाईल. असं.

आता डागाचं सांगते. आमच्या सासूचा डाग नावाजलेला होता. कुणाची कंबर धरली, कुणाच्या पोटात दुखलं, लहान पोराचं पोट फुगलं, तर मोखाड्याकडून पण लोकं आमच्या भट्टीवर यायची, कारण तापलेलं लोखंड आमच्याकडं सदा तयार. ती विळ्याचं टोक लाल करायची आन दुखतं तिथं टेकवायची. मी माणसं दाबून धरायची, मलाही वाटायचं यानं बरं होतं, कारण बरं व्हायचंच ना! महिन्याभरानं तोच माणूस काकडी, नाय तर कोंबडी घेऊन यायचा, बोलायचा, आजी, डाग लागला, गुण आला.

मंग मला धरलं. दादला पाठीवर बसला, हात ऐरणीवर ताणला, आन सासूनं कोपराच्या हाडावर टेकवलं. मांस जळल्याचा वास मी रोज घ्यायची, पण आपल्या मांसाचा वास निराळा असतो, बाय. मी ऐरणीला डोकं आपटलं, त्याचीपण खूण हाय. जखम पिकली, पू झाला, हात हालवता येईना, तर काय करतील, मला भट्टीवरून उठवलं. सासू स्वतः घण मारायला उभी राहिली, तिला जमंना, मंग दिराला थोड्या दिवसांसाठी त्याच्या गावाहून बोलवलं. मी घरात बसून. आन खरं सांगते, जखम भरत आली तसा आतला ठणका उतरला. कप उचलता यायला लागला. सासू सगळ्या बाजारात सांगत फिरली, सुनेला डाग लागला.

खपली पडली तसा दीर परत गेला आन मला घणावर उभी केली. तोच बारीक दांडा. चार दिवस पण गेले नसतील, कळ परत आली, पहिल्याहून जास्त. आता मूठच मिटंना.

सासू बोलली, पहिला डाग वरच्यावर लागला. आता खोल द्यायचा. आन तिनं विळा नाय घेतला, कुऱ्हाडीचं पातं तापत ठेवलं. मी बघितलं ते पातं. लाल झालं, मंग पिवळं व्हायला लागलं, आन माझ्या मनात एकच आलं, हे टेकलं की हात गेला. हात गेला की मी कोण? मला दंड बघून आणलेली. हातच नाय तर ठेवतील कशाला?

तो पाठीवर बसायला आला. मी सासूचा हात चावली. असा चावली की रक्त तोंडात आलं. तिच्या हातातली सांडशी सुटली आन ते पातं पडलं त्याच्या मांडीवर. काय ओरडला! इतकी वर्षं तो आवाज माझाच होता, पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकला. मी पळाली. रस्त्यावर जव्हारला जाणारी जीप लागली होती, मागं लटकली. मला बघून डायवर बोलला, वैनी, भांडण अर्धं ठेवून आलीस का? मी बोलली, पुरं करून आली, चालव.

जव्हारला दवाखान्यात तरणी डाक्टरीण होती. तिनं हात घेतला, कोपर सरळ करवला, बोलली, मूठ वळा आणि मनगट वर उचला, मी खाली दाबते. तिनं दाबलं आन मी किंचाळली. ती बोलली, याला टेनिस एल्बो म्हणतात. मी बोलली, म्हंजे? ती बोलली, टेनिस म्हणजे चेंडूचा खेळ, तो खेळणाऱ्यांना होतो. कंपाउंडर फसकन हसला. मी बोलली, बाय, मी खोडाळ्याची लोहारीण, मी कवा चेंडू खेळली? तर ती पण हसली आन मंग नीट समजावलं. बोलली, दुखतं कोपरात, पण दुखणं मुठीचं आहे. मूठ आवळायची, मनगट उचलून धरायचं, ती ताकद या खालच्या हातातल्या स्नायूंची, आणि ते सगळे वर येऊन या एका हाडाला दोरीसारखे बांधलेले. रोज हिसका बसला की ती दोरी बांधलेल्या जागी विरते, रात्रीत भरून येत नाही तोवर सकाळी परत हिसका. मंग विचारलं, एवढ्यात काही बदललं का? मी बोलली, दांडा बदलला. ती बोलली, बारीक? मी हो बोलली. ती बोलली, मग झालं. बारीक दांडा, घट्ट मूठ.

मी डागाचं सांगितलं, की डाग दिल्यावर उतरलं होतं. तिनं डागाचा वण बोटानं चाचपला आन बोलली, बाई, डागानं नाही उतरलं. डागामुळं हात थांबला, म्हणून उतरलं. न भाजता थांबला असता तरी उतरलं असतं.

काय सांगू तुला, त्या बाकड्यावर मला ते सगळे दिसले ज्यांना मी धरलं होतं. सगळे भाजून घरी जाऊन पडायचे. पडायचे म्हणूनच बरे व्हायचे.

मी सुई मागितली. ती बोलली, एखाद्याला देतो आम्ही सुई, पण तुला दिली तर लगेच बरं वाटेल, तू परत घण उचलशील आणि परत येशील. गोळ्या दिल्या दुखण्यावर. बोलली, घण बंद, महिने लागतील, घाई नाही. कोपराच्या जरा खाली पट्टा बांध. आन कळ कमी झाली की हात मांडीवर ठेवायचा, पंजा गुडघ्यापुढं मोकळा, तळवा खाली, मुठीत पाण्याची लहान बाटली, डाव्या हातानं तो पंजा वर न्यायचा आन उजव्यानं एकट्यानं हळूहळू खाली सोडायचा. तसं करून दाखवलं. पाठीवरचे वळ पण तिनं बघितले. कागद पुढं ओढून विचारलं, कोणी मारलं, लिहून घेते. मी बोलली, लिवून काय होईल? मी निघताना ती बोलली, लिहिलेलं पुढं कामी येतं, कधी वाटलं तर ये.

पट्टा तिच्याकडं नव्हता. बाजारात जीपांच्या सीटा शिवणारे एक मुसलमान चाचा होते, त्यांना दाखवलं. चाचा बोलले, बेटी, गाडीच्या सीटा लई बांधल्या, हाताला सीट पहिलीच बांधतो. जाड पट्टी, आत फोम, बकल लावून दिलं.

दोन-तीन रात्री दवाखान्याच्या ओसरीवर काढल्या, मंग गेली परत. जाणार कुठं? बापाच्या कानावर गेलंच होतं, त्यानं निरोप धाडला, आमच्याकडं आलीस तर नवऱ्याची मांडी भाजली तशी तुझी मी भाजीन. भट्टीपुढं माणसं होतीच. दादला मांडीला पाला बांधून खाटेवर. मी सगळ्यांच्या देखत बोलली, घण मी मारणार नाय. भाता ओढीन, डाव्या हातानं ओढीन, धार लावीन पुढं, घण नाय. त्यानं पडल्या पडल्या सांडशी फेकून मारली. ही बघ, भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं. पण मी पळाली नाय. घरात सांडशी ती एकच, ती उचलली, चालत गेली आन बाजारामागच्या खोल विहिरीत टाकली.

आता सांडशीबिगर लोहार काय करणार? नवी करायला तापलेलं लोखंड धरायला सांडशी पायजे, आन घण मारायला माणूस पायजे. दोन्ही नाय. तो खाटेवरून शिव्या देत होता आन बाहेर एक म्हातारा हसायला लागला, मंग दुसरा. शेवटी मोखाड्याच्या लोहाराकडून सांडशी आणावी लागली, आन तिच्यासंगं घण मारायला गडी ठेवावा लागला. त्या गड्याला मी सांगून जाड दांडा घालायला लावला, वर चिंध्या गुंडाळून, आन दुपारी त्याचा हात थांबवते, मालक ओरडला तरी. दादला मांडीमुळं पडून होता तर त्याची जुनी कंबरदुखी बरी झाली. सासू बोलली, बघ, डाग त्याच्या नशिबात होता. तिला शेवटपर्यंत कळलं नाय. तिला मरून लई वर्षं झाली.

हात बरा व्हायला पुरा पावसाळा आन थंडी गेली. अजून गारठ्यात कुरकुरतो. लोकं अजून येतात डागाला. परवा एकजण बायकोला घेऊन आला, तिचा खांदा. मी बोलली, इथं डाग बंद झाला, हिचा हंडा महिनाभर तू वाहा. तो मला वेडी समजून पुढच्या गावाला गेला, तिथं देतात. ती बाई मागं वळून बघत गेली. किती जणींना धरून ठेवू मी?

आन दादल्याचं मारायचं सुटलं असं लिवू नको, खोटं होईल. म्हातारा झालाय, तरी हात उचलतो. फक्त आता तो खाली यायच्या आधी मी त्याचं मनगट धरते, ह्या उजव्या हातानं, आन सोडत नाय. तो ओढतो, शिव्या देतो, मी धरून उभी. मंग तो दमतो आन बसतो. मी भाकर टाकायला जाते. चल, तू पण खाऊन जा. देव तुझ्या हाताला बळ देवो.