बाथरूममधी गिझर बसवणार न्हाई

माझं माहेर परभणीकडलं, पाथरीच्या अलीकडं एक बारकी वस्ती, आणि सासर तिथून दोन कोसावर, म्हणजे लांब कुठं गेलेच न्हाई मी, गेले ती एकदम पुण्याजवळ भोसरीलाच. मालक इथं वर्कशॉपमधी हेल्पर होते, त्यांनी खोली केली नि मला बोलावून घेतलं. काय सांगू तुम्हाला, खोलीत पाय ठेवला तर ओट्यावर गॅसची शेगडी. मी जन्मात कधी पेटवलेली न्हाई. मालक ड्युटीला गेले की मी तिच्याकडं नुसती बघत बसायची, भूक लागली तरी बसायची, नि ते आले की म्हणायची, तेवढी पेटवून द्या. ते हसायचे. हसू द्या म्हणलं. आज भोसरी, मोशी, चिंचवड, किती घरच्या शेगड्या मी उघडून बसवल्या त्याची मोजदाद न्हाई, आणि हसणाऱ्या मालकांची शेगडी अजूनबी मीच साफ करते.

शिकले कुठं म्हणता, तर कंपनीत. कंपनी म्हणजे भोसरीतला एक गाळा, तिथं गॅसच्या शेगड्या जोडायचे. मला टेस्टिंगच्या टेबलावर बसवलं. टेबलावर पाण्याची टाकी. शेगडीचं बटण आपण फिरवतो ना, त्याच्या आत पितळी कॉक असतो, तो हवेच्या नळीला लावायचा, पाण्यात बुडवायचा नि बघायचं, बुडबुडा येतो का. आला की तांबड्या क्रेटमधी, न्हाई आला की हिरव्या. आठ वर्षं एवढंच केलं, बघा. बाकीच्या बाया कंटाळायच्या, बोलता बोलता कसाबी टाकून द्यायच्या. मी न्हाई टाकला. मोहरीएवढा बुडबुडा असू द्या, किती वेळानं एखादा येऊ द्या, मला दिसायचाच. एकदा सुपरवायझर म्हणला, मंगल, आज माल कमी पडायलाय, जरा डोळेझाक कर. मी म्हणलं, दादा, हा कॉक तुमच्या घरच्या शेगडीला लावता का, लावता तर टाकते हिरव्यात. तो खुर्ची ओढून पलीकडं गेला. पण परत कधी तसं म्हणला न्हाई.

मग ती कंपनी गेली चाकणच्या पुढं. तिथं टेस्टिंगला मशीन आली, बाया घरी. मी महिनाभर घरात नुसती येरझारा घालायची. मालक म्हणले, भाजीचा गाडा लाव. मी म्हणलं मला भाजीतलं काय कळतंय, मला शेगडीतलं कळतंय. शेजारणीची शेगडी फुरफुरायची, ती उघडली. जेटमधी, म्हणजे गॅस यायच्या बारक्या भोकात, कचरा होता, काढला. तिनं तिच्या बहिणीला सांगितलं, बहिणीनं अजून कुणाला. अशी कामं वाढली. गडी माणसं हसायची, राव ही बाई पाने-पकडी घेऊन फिरायलीय. पण दिवसा घरात असतात बायाच ना, त्यांना माझं बरं वाटायचं, परक्या गड्यापेक्षा बाईला थेट ओट्यापर्यंत येऊ देतात. आणि कुठं शिकलीस असं एकीनंबी विचारलं न्हाई, शेगडी नीट पेटली की झालं.

लोकांची एकेक तऱ्हा सांगते. गॅसचा वास आला तर काडी ओढून बघणारी माणसं मी बघितलीत, शिकलेली, चांगल्या फ्लॅटमधली. अवो, आधी रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, लाईटच्या बटणाला हात लावू नका, चालूबी करू नका नि बंदबी करू नका. मग वाटीत साबणाचं पाणी करा नि नळीला लावा, जिथं फुगा धरंल तिथं गळती. चिंचवडला एका आजीनं तर नळीला कापडाचा झगा शिवलेला, बारीक फुलांचा, काठ लावून. लई हौसेनं दाखवला मला. मी झगा काढला तर आत उंदरानं नळी कुरतडलेली. आजी म्हणल्या, अगं बाई, मी रोज पुसत होते की. मी म्हणलं, आजी, झगाच पुसत होता तुम्ही.

आता मोशीचं सांगते, त्यासाठीच तुम्ही आलात.

मोशीला नवीन सोसायटी, सातवा मजला. वृषालीताई, त्यांचे साहेब नि एकच लेक, सई, बारावीतली. साहेब चाकणला मोठ्या कंपनीत इंजिनिअर. शेगडी मीच बघायची त्यांची. एकदा साहेबांनी बोलावलं, म्हणले, मावशी, गॅसचा गिझर आणलाय, बाथरूममधी बसवून द्या. मी बाथरूम बघितलं. एवढंसं, खिडकी एक, तिलाबी कबुतरं येतात म्हणून काच पक्की मारलेली. मी म्हणलं, साहेब, इथं न्हाई बसवणार, बाल्कनीत बसवते, नळ आत घेऊ. ते म्हणले, बाल्कनीत फर्निचर केलंय आम्ही, इथंच बसवा. मी म्हणलं, आत गॅस जळणार, हवा खाणार, नि बंद जागेत त्याचा जो विषारी वायू होतो तो दिसत न्हाई, त्याला वास न्हाई. साधा गॅस गळला तर नाकाला कळतं, हे कळत न्हाई, माणूस उभ्या उभ्या खाली बसतं. साहेब हसले. म्हणले, मावशी, मी इंजिनिअर आहे, मला शिकवू नका. मी पिशवी उचलली. लागलं मला, खोटं कशाला बोलू. लिफ्टमधी डोळ्याला पाणी आलं. पण बसवला न्हाई. त्यांनी दुसरा माणूस आणून बसवून घेतला.

मग थंडी पडली. एक दिवस सकाळी वृषालीताईंचा फोन, मावशी, शेगडीची ज्योत पिवळी यायलीय, भांडी काळी पडायलीत. मनात आलं जाऊ नये. पण पिवळी ज्योत म्हणजे बर्नर तुंबला, ते तसंच सोडवंना, गेले. साहेब कंपनीत गेलेले. मी ओट्यावर बर्नर काढून पिनेनं भोकं साफ करायले, नि बाथरूममधनं गिझरचा तो घुंऽ आवाज येतोय, पाणी पडतंय. सारखं एका सुरात पडतंय. अंघोळ करताना पाण्याचा आवाज असा नसतो हो, तांब्या वाजतो, पाणी कमीजास्त होतं. मी म्हणलं, ताई, आत कोण हाय? त्या म्हणल्या, सई, केस धुतेय, आज सुट्टी आहे तिला. मी म्हणलं, हाक मारा. त्यांनी मारली. पुन्हा मारली. मग त्या दारावर हात मारायला लागल्या, सई, अगं सई.

मी आधी बाल्कनीत पळाले, गिझरचा सिलिंडर तिथं ठेवलेला, त्याचा रेग्युलेटर बंद केला, बाल्कनीचं दार सताड उघडलं. ताई म्हणायल्या दार तोडा, दार तोडा. दार प्लॅस्टिकचं होतं, मोठा पाना घेतला नि कडीच्या जागी तीन घाव घातले, तिसऱ्याला कडी निखळली. छातीत श्वास भरून घेतला, तोंड मिटलं नि आत गेले. पोरगी भिंतीला टेकून खाली बसलेली, मान छातीवर. काखेत हात घालून ओढली. ओली पोरगी, हातातनं निसटायली, काय सांगू तुम्हाला, कुठनं बळ आलं मला ठाऊक न्हाई. बाल्कनीत आणली, चादर टाकली, ताईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. छाती हलत होती, बारीक, पण हलत होती. मी म्हणलं, ताई, रडू नका, श्वास हाय.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काही खाल्लं नव्हतं का, चक्कर येते का नेहमी? ताई सईचं तोंड पुसत बसलेल्या. मी पुढं झाले. म्हणलं, डॉक्टर, चक्कर न्हाई, बंद बाथरूममधी गॅसचा गिझर चालू होता, दार लावलेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझे काळे हात बघितले, नि पटकन ऑक्सिजन लावायला सांगितला. दुपारी सईनं डोळे उघडले. आई, माझे केस ओले आहेत, म्हणली. मी बाहेर बाकावर बसले होते, तिथं मला रडू आलं. डॉक्टर बाहेर आले नि म्हणले, मावशी, तुम्ही सांगितलंत म्हणून वेळ गेला नाही.

चार दिवसांनी साहेब माझ्या खोलीवर आले, भोसरीला. एवढी मोठी गाडी गल्लीत शिरंना, चालत आले. दारातच उभे राहिले. म्हणले, मावशी, मी तुमचं ऐकलं नाही. मला लई बोलायचं होतं हो. चार दिवस मनात घोळवलं होतं, असं बोलीन, तसं बोलीन. पण त्यांचा चेहरा बघितला नि सगळं विरलं. मी म्हणलं, साहेब, आत या, चहा घ्या, नि तो गिझर काढायला कधी येऊ सांगा. आत्ताच चला म्हणले. बाल्कनीतलं ते फर्निचर त्यांनीच हातानं काढलं. गिझर मी तिथं बसवला, नि साहेब पाना हातात घेऊन उभे, मागीन तो देत होते.

मग सोसायटीनं मला बोलावलं, मावशी, सगळ्यांना सांगा. हॉलमधी माइक दिला हातात. समोर एवढी माणसं, सूटबूटवाली. माइक ठेवून दिला, साबणाचं पाणी घेतलं, शेगडी ठेवली नि जसं घरात सांगते तसं सांगितलं. एकजणबी उठला न्हाई मधून. नंतर घरोघर हिंडले तर किती बाथरूममधी तेच, बंद खिडकी नि आत गिझर. सगळे बाहेर घ्यायला लावले. एका काकांनी हुज्जत घातली, तर साहेबच आले नि म्हणले, काका, मावशी सांगतात तसं करा.

आता माझ्यासंगं पाच बाया शिकायल्यात. गुडघे दुखतात, जिने चढवत न्हाईत, तर जिन्याची घरं त्या करतात, लिफ्टची मी. मालक रिटायर झाले, सकाळी माझा डबा तेच भरतात, भाजीत मीठ जास्त पडतं, तरी डबा रिकामा करून आणते. बरं चाललंय. तुम्ही मगाशी म्हणलात नाव बदलून लिहू का. कशाला बदलायचं? मंगल लिहा, शेगडीवाली मंगल. आणि घरी गेलात की आधी तुमच्या शेगडीची नळी बघा, तिच्यावर साल छापलेलं असतं, मुदत उलटली असंल तर मला फोन करा, मी येते. सुखी राहा, लेकरंबाळं नीट राहू द्या.