गाडीच्या चाबीतली सही

धम्मरत्न : ...तर पोराहो, माहिती तंत्रज्ञान कायदा म्हंजे... आयकून राह्यली ना, नीलिमा? उद्या आसेगावच्या शाळेत हेच बोलाचं हाय.

नीलिमा : हात पिठात हायेत, कान मोकळेच हायेत. बोला.

धम्मरत्न : हा कायदा सन दोन हजारचा. कागदावरच्या सहीले जो मान, तोच कंप्युटरवरच्या डिजिटल सहीले. आता कलम सहासष्ट-सी! दुसऱ्याची डिजिटल सही कपटानं वापरली, तर तीन वर्सापर्यंत जेल!

नीलिमा : थांबा. मंग माही सही तुमच्या गाडीच्या चाबीले कायले लटकून राह्यली?

धम्मरत्न : कोन्ती सही?

नीलिमा : तो डोंगल. ग्रामपंचायतीचा, माह्या डिजिटल सहीचा. निवडून आली मी, अन् सही फिरते तुमच्या फटफटीवर.

धम्मरत्न : अवं, हारपू नये म्हनून. सारेच सरपंचाचे नवरे तसंच करतात.

नीलिमा : हे भाषनात हाय का?

धम्मरत्न : नाई बाप्पा! पोरंच मले ठान्यात पोचवतीन. पाय ना, पोस्टानं कायदा शिकलो, सर्टिफिकेट भितीवर टांगलं, अन् त्याच्याच खालच्या खुटीले ही चाबी. पुराव्यासकट गुन्हा टांगनारा वकील वाशिम जिल्ह्यात दुसरा नसन.

नीलिमा : हासू नका. काल लॅपटॉपवर काय करून राह्यले होते?

धम्मरत्न : बोअरच्या जागेचा ठराव. चौकातले बडे बबनराव म्हने, आमच्या चौकात घ्या. म्हनून चौक लिवला. सही तेवढी मारायची राह्यली.

नीलिमा : चौकात? मासिक सभेत आपली वस्ती ठरली ना! मी केशरबाईले शब्द देल्ला. बुढी नाला उतरून पानी आनते. तुमाले मालूम नव्हतं?

धम्मरत्न : मालूम होतं. पन बबनरावानं खुर्ची देल्ली, चहा पाजला, चारचौघात "या सरपंचसाहेब" म्हनले. मी फुगलो. एका कपात इकल्या गेलो, त्यातबी साखर कमी होती.

नीलिमा : अन् मले सांगतलं नाई.

धम्मरत्न : कलमात "कपटानं" असं लिवलं हाय, नीलिमा. मी काई कपट...

नीलिमा : सारं मालूम असून मले न सांगता माही सही मारायची. याले तुमच्या कायद्यात काय म्हनतात?

धम्मरत्न : ...तेच म्हनतात.

नीलिमा : मले लय वाईट वाटलं. निवडून आल्यापासून एक डाव तरी म्हनलं का, ये, तूच दाब?

धम्मरत्न : नाई म्हनलं. घे हा डोंगल. कडीतून निंगत नाई, नख तुटलं. गाडीसकट घे.

नीलिमा : गाडी ठेवा तुमची. हात पुसले, इकडं आना, मी काढतो. हं, निंगला. पिन सांगा.

धम्मरत्न : आपल्या लग्नाची तारीख.

नीलिमा : काय बाई! अन् दरसाली इसरता ते इसरताच!

धम्मरत्न : आता नवी टाक, मले सांगू नको. भाषनाच्या भरात बोलून बसीन. इथं लॅपटॉपवर पाय, चौक खोड, वस्ती लिव. हे तुहं नाव. आता दाब.

नीलिमा : दाबू?

धम्मरत्न : सरपंच तू हायस. मले काहून इचारतं?

नीलिमा : दाबलं.

(फोन वाजतो.)

नीलिमा : तुमचाच हाय. बबनराव.

धम्मरत्न : हालो, बबनराव... हो, सरपंच घरीच हाय. थांबा, तिले देतो.